घरटी एक माणूस

कशेळीच्या खाडीकाठी राहणाऱ्या महादू केणे यांच्या फ्रिजवर एक तक्ता चिकटवलेला आहे. तो त्यांच्या मुलाने, भाविकने, नेदरलँड्सहून तयार करून पाठवला. डाव्या बाजूला जीवनमानाचे सतरा निकष: हवा, पाणी, आरोग्य, आवाज, पादचाऱ्यांची सुरक्षितता, झाडांची दाटी, फुरसत इत्यादी. मधल्या रकान्यात नेदरलँड्सचे गुण, उजव्या रकान्यात भिवंडीचे. सरासरी काढली असता नेदरलँड्सला दहापैकी आठ पूर्णांक एक आणि भिवंडीला तीन पूर्णांक चार. हे तीन पूर्णांक चार भिवंडीला नेमके कशाबद्दल मिळाले, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. जन्मभूमीला काही गुण कृपेने द्यावेत, इतकी माया भाविकच्या मनात शिल्लक असावी. सतरावा निकष ‘लोकसहभाग’. तिथे नेदरलँड्सला नऊ गुण, आणि भिवंडीपुढे ‘माहिती उपलब्ध नाही’.

तक्ता निर्हेतुक नव्हता. महादूंनी एका संमतिपत्रावर सही करावी, खाडीच्या बांधावरची उघाडी कायमची बुजवू द्यावी आणि पत्नी सीताबाईंना घेऊन नेदरलँड्सला येऊन राहावे, हा त्याचा निष्कर्ष होता. विद्यापीठीय प्रबंधांप्रमाणे इथेही निष्कर्ष आधी ठरला होता आणि आकडेवारी नंतर गोळा झाली होती.

उघाडी म्हणजे बांधाच्या पोटात ठेवलेले दगडी तोंड. त्याच्या दोन्ही कडांना खाचा, आणि खाचांत वरखाली होणारी सागाची जाड फळी. भरती येण्याआधी फळी टाकायची, म्हणजे खाडीचे खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की उचलायची, म्हणजे पावसाचे साचलेले पाणी खाडीत जाते. वेळ घड्याळावर ठरत नाही, तिथीवर ठरते. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्याआधी तीन तास फळी खाली, त्यानंतर तीन तासांनी वर. महादूंनी हे चाळीस वर्षे केले. त्याला नोकरी म्हणावे तर पगार नव्हता आणि छंद म्हणावे तर रजा नव्हती.

मुळात ही एकट्याची कामगिरी नव्हतीच. उघाडीवर बत्तीस घरांची वहिवाट होती. बांधाला खांड पडली किंवा फळी बदलायची झाली की राखणदाराने बांधावर उभे राहून पत्र्याचा डबा वाजवायचा आणि घरटी एक माणूस यायचा. कोणी मत विचारीत नसे, हात लागायचा. पुढे गोदामे आली. बत्तीस घरांनी एकेक करून शेतावर मुरुमाचा भराव टाकू दिला आणि ज्या खाचरांत खारा भात व्हायचा तिथे देशभरातल्या लोकांची पादत्राणे आणि मोबाइलची आवरणे पिकू लागली. पीक बारमाही होते आणि त्याला पाऊस लागत नव्हता. उलट पाऊस पडला तर ते भिजायचे. घरे तीन मजली झाली, दारात गाड्या आल्या. गावाचे जीवनमान उंचावले, याबद्दल दुमत नाही. जमिनीची पातळीही उंचावली, त्यामुळे पाण्याला मात्र कुठे जावे ते कळेनासे झाले. ते गोदामांच्या मधल्या रस्त्यांवर उभे राहू लागले, आणि तिथून खाडीत जाण्याचा एकच मार्ग उरला: महादूंची उघाडी.

आता उघाडी बुजवून बांधालगतच्या पट्टीवर ट्रेलर उभे करण्याचा तळ होणार होता. जुन्या नोंदीनुसार बत्तीसही घरांचा ‘ना हरकत’ आवश्यक होता. एकतीस जणांची हरकत नव्हती. बत्तिसावे घर महादूंचे.

संमतिपत्र घेऊन फिरणारा प्रितेश हा त्याच एकतीस घरांपैकी एकातला. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘भूमी समन्वयक’ असे छापलेले आहे. ज्याने आजोबांची जमीन सर्वांत आधी समन्वित केली, त्याला या पदाचा नैतिक अधिकार पोचतोच.

“काका, तुमी अजून त्या फलीलाच धरून बसलाव,” तो म्हणायचा. “पोरगा बोलवतंय फॉरेनला. लोकांची पोरा बोलवत न्हाईत.”

“फली सोरली त तुजी गारी बुरल, प्रितेश.”

“माजी गारी उंच हाय, काका.”

या संवादात विकासाच्या आधुनिक संकल्पनेचे सार आले आहे. पाणी वाढले तर गाडी उंच घ्यावी.

गेल्या वर्षी एप्रिलात भाविकने दोघांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतले. निष्कर्ष प्रत्यक्ष प्रमाणाने पटवावा हा शास्त्रीय हेतू त्यामागे होता. उघाडी कोणावर सोपवायची हा प्रश्न महादूंनी इक्बालला विचारून सोडवला. इक्बाल हा भिवंडी शहरातला जुना लूम कामगार. तीस वर्षे लूमवर काढल्याने त्याला कमी ऐकू येते, म्हणून तो सर्वांशी ओरडून बोलतो. कारखान्यातले लूम भंगारात गेल्यावर तो उघाडीशेजारच्या गोदामावर वॉचमन झाला. मालाची राखण बहिऱ्या माणसाकडे देणाऱ्या व्यवस्थापनाचा आत्मविश्वास वाखाणण्याजोगा आहे.

महादूंनी त्याला पाऊणपटीचा हिशोब शिकवला. इक्बालने तो लगेच आत्मसात केला. फक्त तिथीच्या जागी त्याने चाँदची तारीख घातली. चाँदची तारीख तिथीच्या एखादा दिवस मागे असते. त्यामुळे दोघांच्या भरतीत नेहमी पाऊण तासाचे अंतर पडे आणि त्यावर त्यांचे रोज भांडण होई. भरती दोघांपैकी कोणाचेच पूर्णपणे ऐकत नसे.

नेदरलँड्सने महादूंना निराश केले नाही. हवा स्वच्छ होती, बस वेळेवर येत होती, आणि गाडीवाले पादचाऱ्याला पाहून थांबत होते. सीताबाईंचे गुडघे दुखतात. तिथल्या बसचा दरवाजा फुटपाथाला टेकल्यासारखा उघडतो, हे पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी मत देऊन टाकले.

“मना त तिकरंच बरा वाटला,” त्या आजही सांगतात. “रस्ता वलांडताना गारी थांबते. इकरं मानूस थांबतं, गारी न्हाय.”

सीताबाईंच्या या मताचा मान राखला पाहिजे, कारण या साऱ्या प्रकरणात स्वतःच्या गुडघ्यांवरून तुलना करणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

महादूंचे लक्ष वेगळीकडे होते. भाविकच्या घरामागे एक चर होता, चराच्या दोन्ही बाजूंना बांध होते, आणि चर जिथे कालव्याला मिळत होता तिथे दगडी खाचांत एक लाकडी फळी होती. महादू रोज सकाळी तिथे जाऊन उभे राहत. तिथली सारी जमीनच समुद्राच्या पातळीखाली असल्याचे भाविकने सांगितले, तेव्हा ते इतकेच म्हणाले, “मंग ही सगली खारजमीनच हाय.”

मग वैशाखी पौर्णिमा आली. उधाणाचा दिवस, भरती सव्वाअकराला. आणि आठ वाजून गेले तरी फळी वरच. चाळीस वर्षे खाडीकाठी काढलेला माणूस अशा वेळी दुसऱ्याच्या देशाच्या मालकीहक्काचा विचार करीत नाही. महादूंनी फळी टाकली. दोन वाजता ती उचलायची, असे त्यांनी ठरवले होते. पण त्या दिवशी भाविकने त्यांना संग्रहालय दाखवायला नेले. निकष क्रमांक नऊ, सांस्कृतिक सुविधा. दिवसभर पाऊस लागला. संध्याकाळी परतले तेव्हा शेजाऱ्यांच्या कोबीच्या वाफ्यात घोटाभर पाणी होते आणि त्यांच्या कोंबड्या खुराड्याच्या छपरावर बसल्या होत्या. त्या कालव्याला भरती-ओहोटी नव्हतीच. त्याची पातळी पंपांनी ठरत होती, चंद्राने नव्हे.

दुसऱ्या दिवशी बांध-कालव्यांची देखरेख करणाऱ्या पाणी मंडळाची एक तरुण अभियंता सायकलवरून आली. भाविकचा चेहरा पांढरा पडला होता. निकष क्रमांक पाचमध्ये, म्हणजे कायद्याच्या अंमलबजावणीत, त्यानेच त्या देशाला साडेनऊ गुण दिले होते. त्या मुलीने फळी पाहिली, कोबी पाहिला, आणि फळी टाकली कोणी व का, असे विचारले. महादूंनी तिला पाऊणपट समजावून सांगितली. भाविकने खाली मान घालून भाषांतर केले. तिने वही काढली आणि तो हिशोब लिहून घेतला.

“तुमच्याकडे फळी कोण सांभाळतं, असं विचारतेय,” भाविक म्हणाला.

“आदी घरटी एक मानूस यायचा. आता मीच. मी इकरं हाय तवर एक लूमवाला.”

“आणि नंतर, असं विचारतेय.”

महादू काही बोलणार, तेवढ्यात भाविकने परस्पर दोन वाक्यांत उत्तर देऊन टाकले.

“तू काय बोल्लास रं तिला?” सीताबाईंनी विचारले. “बाबांनी तोंड बी उघारला न्हाय, आनि तुजा बोलून झाला?”

“सांगितलं, की नंतर ती उघाडी राहणार नाही. बाबा इथे येणार आहेत.”

ती मुलगी महादूंकडे वळली. मग तिने सांगितले की त्यांच्याकडे बांधाच्या आत राहणारा प्रत्येक जण पाणी मंडळाच्या निवडणुकीत मत देतो, कारण पाणी आले तर ते सर्वांच्याच घरात येते. तिने दंड केला नाही. शेजाऱ्यांना एक टोपली कोबी विकत आणून द्यावा, एवढे सुचवून ती सायकलवरून गेली. महादू केणे यांना त्यांच्या कामाविषयी कोणत्याही शासकीय व्यक्तीने विचारलेले हे पहिले तीन प्रश्न. चाळीस वर्षांत. त्यासाठी सात हजार किलोमीटर जावे लागले आणि दुसऱ्याचा कोबी बुडवावा लागला.

यंदा आषाढाच्या शेवटी भाविक दहा दिवसांची सुटी काढून भिवंडीला आला. हेतू सांगायला नको. प्रितेशने संमतिपत्राच्या तीन प्रती आणल्या. महादूंनी त्या फ्रिजवर तक्त्याशेजारी ठेवल्या आणि विषय अमावास्येपुढे ढकलला.

अमावास्येला उधाण आले आणि पाऊसही. गोदामांतून वाहत आलेल्या थर्माकोलचा आणि प्लास्टिकचा गठ्ठा उघाडीच्या तोंडात बसला, त्याच्यामागे गाळ, आणि त्या रेट्याने जुनी फळी मधून फुटून खाचेत तिरकी अडकली. ती आता खालीही जाईना आणि वरही येईना. आतले पाणी आतच राहिले. पुढचे सहा दिवस गोदामांच्या मधल्या रस्त्यावर गुडघाभर पाणी होते. मालाला धोका नव्हता. तो उंच जोत्यावर असतो. वॉचमनच्या केबिनी रस्त्याच्या पातळीवर असतात. इक्बालने अंथरूण टेबलावर हलवले आणि रोज ओरडून चौकशी करू लागला, “महादूभाई, फली का क्या हुआ?”

नवी फळी तयार होती. अंबाडी गावच्या सुताराकडून करून आणलेली, दोन वर्षे पडवीत तेल पिऊन पडलेली. पण जुनी फळी उपसून नवी बसवायला दोरावर नऊ माणसे लागतात. महादू सत्तरीचे होते आणि एक होते.

“आता तरी पटलं ना, बाबा?” भाविक म्हणाला. “परवा माझं विमान आहे. एका म्हाताऱ्या माणसाने एक फळी ओढायची, याला व्यवस्था म्हणतात का?”

“न्हाय म्हनत,” महादू म्हणाले.

प्रितेशने तत्परतेने खिशातले पेन काढले.

“सई करतो. पन उघारी बंद करायची त आदी डबा वाजवाला लागतं. तसा रिवाज हाय. उद्या षष्ठी, सारेदहाला पूर्ण ओहोटी. मी वाजवतो. नऊ मानसा आली त फली बदलायची आनि ह्यो कागद फारायचा. न्हाय आली त मी सई करतो, आनि तुज्याबरोबर येतो. वाजवनारा मोजायचा न्हाय.”

भाविकने प्रितेशकडे पाहिले, प्रितेशने भाविककडे. गेल्या पंधरा वर्षांत त्या डब्याला प्रतिसाद म्हणून कोणी आलेले नव्हते. इतक्या अनुकूल अटींवर सार्वमत घेण्याची संधी मोठमोठ्या राज्यकर्त्यांनाही मिळत नाही.

“डबा मी आनतो, काका,” प्रितेश औदार्याने म्हणाला. तो खरोखरच घेऊन आला, पंधरा किलोचा, तेलाचा.

षष्ठीला दहा वाजता महादू बांधावर चढले आणि वाजवू लागले. गावाने तात्काळ दखल घेतली. तीन बंगल्यांच्या गॅलऱ्यांत माणसे आली आणि मोबाइल धरून उभी राहिली. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘कोण वाजवतंय?’ असा प्रश्न पडला. त्यावर अकरा उत्तरे आली. त्यांपैकी चार हसरे चेहरे, दोन जोडलेले हात, आणि एक कोणाच्या तरी वाढदिवसाची शुभेच्छा. लोकसहभागाचे हे प्रमाण उपेक्षणीय म्हणता येणार नाही. बांधावर मात्र कोणी आले नाही.

सव्वादहा झाले. प्रितेशने फ्रिजवरून आणलेले कागद गाडीच्या बॉनेटवर पसरले.

मग गोदामांच्या बाजूने पाणी चाळवल्याचा आवाज आला. पुढे इक्बाल होता, पँट गुडघ्यावर खोचलेली, शिट्टी गळ्यात. त्याच्यामागे निळ्या आणि खाकी गणवेशातली माणसे, एका रांगेत.

“हर गेट से एक!” इक्बाल ओरडला. “बोल दिया मैंने सबको. घरटी एक, तुमीच बोलला ना?”

महादूंनी डबा खाली ठेवला आणि मोजले. आठ.

“काका, ह्ये चालनार न्हाय,” प्रितेश पुढे झाला. “घरटी एक मानूस बोल्लाव तुमी. ही घरा न्हाईत, गोडाऊना हायत. ह्ये सगले भायेरचे.”

“ह्यो कोन?” महादूंनी एका सडपातळ वॉचमनकडे बोट दाखवले.

“मना काय म्हाईत? कंपनीचा हाय कोनतरी.”

“कुठल्या गेटावं हाय रं तू?” महादूंनी त्यालाच विचारले. त्याने पत्र्याच्या हिरव्या गोदामाकडे हात केला.

“त्यो प्लॉट कोनाचा, प्रितेश?”

प्रितेशने मोबाइल काढून पाहिला.

“तुज्या आजाचा. तुजा आजा तिथं मचान बांदून झोपायचा, भाताच्या राखनीला. आता तिथं कोन झोपतं?”

“... वॉचमन.”

“तुमी झोपतव?”

“न्हाय.”

“मंग ह्यो तुज्या घरचा मानूस. चल, जागा दे त्याला.”

गॅलरीतले कोणीतरी हसले. जमीनधारणा, वहिवाट आणि निवासाचा हक्क यांविषयी बरीच ग्रंथरचना झालेली आहे; इतक्या कमी शब्दांत ती बहुधा झालेली नाही. प्रितेशने आकड्यांचा आश्रय घेतला.

“तरी आठच हायत. नऊ बोल्लाव तुमी.”

हे खरे होते. महादूंनी पुन्हा मोजले; पुन्हा आठच निघाले. वाजवणारा मोजायचा नाही, ही अटही त्यांचीच होती. ते वळले.

“आपल्या घरचा मानूस कुठं हाय?”

भाविक बांधाच्या वरच्या अंगाला, कोरड्यावर उभा होता. पायांत पाणी न शिरणारे बूट होते, तिकडचे. हे बूट पाण्यात उतरण्यासाठीच केलेले असतात, ही गोष्ट त्या क्षणी त्याला फारशी उपयुक्त वाटली नसावी. तो हलला नाही. त्याने एक पाऊल टाकले असते तर सतरा निकष, तीन प्रती आणि उद्याच्या विमानात आईबापांना नेण्याचा सारा बेत बुडणार होता. नुसते उभे राहिले की तो जिंकत होता.

सीताबाईंनी पदर खोचला.

“आई, तू कुठे चाललीस?”

“खाली. घरचा मानूस मागतंत ते. मी घरचीच हाय ना?”

“तुझे गुडघे...”

“माजे गुरघे तिकरं बरे व्हते. इकरं हायत तसे हायत.”

त्यांनी बांधाच्या उतारावर एक पाय टाकला. तो घसरला. त्या पडल्या नाहीत. पण भाविक तोवर उड्या टाकीत खाली आला होता. त्याने त्यांना दंडाला धरून वर बसवले आणि भान आले तेव्हा तो स्वतः मांडीभर पाण्यात, दोराच्या शेवटच्या टोकाशी उभा होता. इक्बालने दोर त्याच्या हातात दिला आणि कानात ओरडला, “नौ!”

फळी तिसऱ्या हिसक्याला सुटली. गाळ, थर्माकोल आणि एका नामांकित चपलेचे रिकामे खोके यांच्यासह ती वर आली. नवी फळी खाचेत बसली, मग अर्धी उचलली गेली, आणि सहा दिवसांचे पाणी खाडीकडे निघाले. त्याला आवाज होता. दोर धरलेल्या नऊही जणांनी काही वेळ तो नुसता ऐकला. इक्बालने बहुधा पाहिला.

प्रितेशने बॉनेटवरचे कागद गोळा केले. फाडण्याचे काम महादूंनी विसरावे अशी त्याची इच्छा दिसली. पण ते विसरले नाहीत. दोन प्रती त्यांनी फाडल्या. तिसरी सीताबाईंनी मागून घेतली आणि त्या कागदाने पायाचा चिखल पुसला.

“मना अजून बी तिकरंच बरा वाटतं,” त्या भाविकला म्हणाल्या. “यंव आमी. पन मे म्हयन्यान. पावसान न्हाय.”

भाविक ठरलेल्या विमानाने एकटाच गेला. तक्ता फ्रिजवर आहे. सतराव्या निकषापुढे अजूनही ‘माहिती उपलब्ध नाही’ असेच लिहिलेले आहे, कारण माहिती गोळा करायला अद्याप कोणी आलेले नाही.

त्या षष्ठीला पाणी ओसरू लागल्यावर वॉचमन आपापल्या गेटांकडे परत निघाले. हिरव्या गोदामावरचा सडपातळ वॉचमन मात्र रेंगाळला. उद्या फळी टाकायला आपण आलो तर चालेल का, आणि भरती किती वाजता, असे त्याने विचारले.

“उद्या सप्तमी,” महादू म्हणाले. “सव्वापाच.”

“क्या सव्वापाच!” इक्बाल पाण्यातून ओरडला. “चाँद की छे तारीख है कल. सारेचार!”

“तुजा चाँद नेहमी उशिरा उगवतं.”

“और तुमची तिथी नेहमी घाई करते.”

वॉचमन एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिला. सीताबाई गुडघा चोळीत बांधावर बसल्या होत्या.

“दीर वाजताच येवून बस, बाला,” त्या म्हणाल्या. “ह्यांचा भांडन संपंतवर पानी येल.”